दाराच्या पट्टीला लावलेला रंग

आमच्या घरात सगळ्यांचे कान आईच्या छातीकडे लागलेले असत. आप्पा जेवायला बसले की घास तोंडापाशी नेऊन क्षणभर थांबत, आतल्या खोलीतून खोकल्याची दुसरी उबळ येते का ते ऐकत आणि मगच तो तोंडात घालत. माझी थोरली बहीण शारदाक्का मशीनवर ब्लाऊज शिवताना मध्येच पाय थांबवायची. मी अभ्यासाला बसले की पुस्तक डोळ्यांसमोर असायचं, पण लक्ष असायचं त्या शिट्टीकडे. आईला दम लागायच्या आधी तिच्या श्वासात एक बारीक शिट्टी वाजायची, दूरच्या गल्लीत कुणी पोरगं पिपाणी वाजवतंय अशी. ती ऐकू आली की आम्ही तिघंही एकाच वेळी उठायचो. आज ह्या वयातही रात्री कुणाच्या श्वासाचा आवाज बदलला, तर मी जागी होते. नवरा म्हणतो, तू झोपतेस कुठं, तू पहारा देतेस.

आई बाराव्या वर्षापासून निपाणीच्या तंबाखूच्या वखारीत चाळायला जायची. तिची आईही तेच करायची. तोंडाला फडकं बांधून दिवसभर तंबाखू चाळायची, संध्याकाळी घरी येऊन पिवळं पाणी अंगावरून वाहून जाईपर्यंत आंघोळ करायची आणि मग भाकऱ्या थापायच्या. माझ्या जन्मानंतरही ती दोन-तीन वर्षं जात होती. आप्पा कचेरीत शिपायाचे कारकून झाले तेव्हा त्यांनी पहिली गोष्ट केली ती आईचं चाळायला जाणं बंद करण्याची. पण तोवर वखार तिच्या छातीत येऊन बसली होती.

गावकुसाबाहेरच्या दोन खणांच्या घरातून आम्ही वसाहतीत आलो ते मी सातवीत असताना. दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. पुढच्या भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो, त्याच्या शेजारी बुद्धाची लहान मूर्ती ठेवलेला कोनाडा, आणि पुढं आप्पांनी मोठ्या हौसेनं बसवून घेतलेलं कॉफी रंगाचं दार. घर चांगलं होतं, पण आमचं दैव असं की मागच्या बाजूला, शे-दीडशे पावलांवर, एक वखार होती. दुपारी तिथं चाळण सुरू झाली की वारा तो उग्र वास आणि धूळ थेट आमच्या परसात आणून टाकायचा. डॉक्टरांनी सांगितलं, "बाईंना धुळीपासून जपा. घरात धूळ येऊ देऊ नका." आप्पा सरकारी माणूस. त्यांनी ते वाक्य हुकूम आल्यासारखं पाळलं. मागच्या दाराला आतून कपाट लावून टाकलं. मागच्या खिडक्यांवर प्लास्टिकचा कागद ठोकला. आणि पुढच्या दाराच्या चौकटीला तिन्ही बाजूंनी एक मऊ प्लास्टिकची पट्टी बसवून घेतली, फ्रिजच्या दाराला असते ना, तशी. त्यासाठी बेळगावहून मिस्त्री आणला होता. दार लावलं की पट्टी दाबली जायची आणि फट म्हणून राहायची नाही. दार एवढं घट्ट बसायचं की आतून उघडताना हिसका द्यावा लागे आणि बाहेरून उघडताना खांदा. पावसाळ्यात लाकूड फुगलं की आणखीच.

मिस्त्री जाताना बजावून गेला होता, "ह्याला रंग लावू नका हां. हे तसंच ठेवायचं." आप्पांनी ते आम्हाला तीनदा ऐकवलं. "पट्टीला कुणी हात लावायचा न्हाय. रंग तर अजिबात न्हाय. कळलं?" आप्पांनी आम्हा बहिणींना मारलं असेल ते सगळं मिळून दोनदा की तीनदा. पण मला त्यांची फार भीती वाटायची. राग आला की ते चष्मा काढायचे आणि शर्टाच्या टोकानं काचा पुसत बसायचे. काचा पुसून होईपर्यंत मी त्यांच्या बोटांकडं बघत बसायचे. नंतर दोन-दोन दिवस ते माझ्याशी बोलायचे नाहीत. दोन फटके परवडले असते.

शारदाक्काला बघायला गडहिंग्लजची माणसं रविवारी यायची ठरली. मुलगा शिक्षक होता. आठवडाभर घरात धांदल चालली होती. आक्कानं पितळी भांडी चिंचेनं घासली, पडदे धुतले, शेवया निवडून डब्यात भरल्या. आई खाटेवर बसून शेंगदाणे सोलत सूचना द्यायची, मध्येच दम खायची आणि पुन्हा सूचना द्यायची. सगळं झालं आणि आक्काची नजर दारावर गेली. दार छान होतं, पण पांढरी पट्टी एव्हाना पिवळी पडली होती. त्यावर बोटांचे काळे ठसे होते. आक्कानं ती साबणानं घासली, सोड्यानं घासली. डाग फिके झाले, पिवळेपणा गेला नाही.

"कुत्र्याच्या दातागत दिसतीया," ती म्हणाली आणि एकदम रडायलाच लागली. "दारातनंच माघारी जातील ती माणसं."

आज हसू येतं. पण वीस-बावीस वर्षांच्या मुलीला, जिची आधीची दोन स्थळं नुसतीच चहा पिऊन गेली होती, तिला पट्टीसुद्धा आडवी येऊ शकते असं वाटलं, यात नवल नव्हतं. मी तेव्हा सतरा वर्षांची. मला आक्काचं रडणं बघवत नसे.

शनिवारी आप्पा कचेरीच्या कामाला बेळगावला गेले. येताना पाहुण्यांसाठी तिथली मिठाई, कुंदा, आणणार होते. जेवणं झाल्यावर आक्का काज-बटणाला दिलेला ब्लाऊज आणायला शिवणाच्या बाईंकडे गेली. घरात मी आणि आई. माळ्यावर दाराच्या रंगाचा अर्धा डबा शिल्लक होता, ते मला ठाऊक होतं. आप्पा यायला संध्याकाळ होणार होती. तोवर रंग वाळेल, दार एकसारखं दिसेल, पाहुणे आल्यावर आप्पांना कळलं तरी ते चारचौघांत काय बोलणार, असा माझा हिशेब.

मी दार सताड उघडं ठेवलं आणि चौकटीच्या वरच्या बाजूपासून सुरुवात केली. रंग पट्टीवर धरतच नव्हता. ब्रश फिरवला की तो थेंबाथेंबानं गोळा व्हायचा. म्हणून मी जाड थर दिला, त्यावर आणखी एक दिला.

"काय करतीस गं मंगल?" आईनं आतून विचारलं.

"पट्टी पुसतोय," मी म्हणाले. आमच्याकडं बायकाही मी येतो, मी जातो असंच बोलतात. शिक्षिकेच्या नोकरीला लागल्यावर माझी ही सवय गेली. पण ते खोटं आठवतं ते त्याच बोलीत.

"पुसाय एवढा वास?"

मग मला सांगावंच लागलं. ती उठून दारापर्यंत आली, पदर नाकाला लावून पट्टीकडे बघत राहिली. "आप्पा नको म्हणल्यात न्हवं?"

"आप्पा यायच्या आत वाळतंय. तू जा, नीज जा."

तिनं माझ्याकडं बघितलं. नको म्हणाली नाही. मला वाटतं, तिलाही आक्काचं रडणं बघवलं नव्हतं. ती जाऊन खाटेवर पडली आणि मी उरलेली बाजू रंगवून घेतली. दुरून बघितलं तर खरंच छान दिसत होतं.

तेवढ्यात वारा सुटला. वखारीत चाळण सुरू झाली असावी. परसाला वळसा घालून धुळीचा लोट अंगणात आला आणि आई खोकायला लागली. "दार लाव गं, दार लाव!" ती ओरडली. ओल्या पट्टीवर दार लावलं की रंग पुसला जाणार हे मला कळत होतं. पण धूळ आईच्या छातीत चालली होती, आणि खरं सांगायचं तर ती माझ्या ओल्या रंगावरही बसत होती. पुसलेला रंग नंतर पुन्हा लावता येईल, असं मनाशी म्हणून मी कडी धरून दार बाहेरून जोरात ओढून घेतलं आणि बाजूच्या सावलीत रॉकेलमध्ये ब्रश धूत बसले. अर्धा-पाऊण तास गेला असेल. मिस्त्री नको का म्हणाला होता, ते पुढे पुष्कळ वर्षांनी एका रंगाऱ्यानं मला सांगितलं. तसल्या मऊ प्लास्टिकवर तेलाचा रंग वाळतच नाही, दिवसच्या दिवस चिकट राहतो, आणि वर दाबून ठेवलं तर डिंक लावल्यासारखा धरतो.

आतून शिट्टी ऐकू आली.

मी ताडकन उठले. आई आतून दार ओढत होती, ते मला कडीच्या खडखडाटावरून कळलं. "मंगल, दार निघंना गं." मी खांदा लावला. दार हललं नाही. पुन्हा जोर केला. वरच्या कोपऱ्यात काहीतरी चर्रकन फाटल्याचा आवाज झाला आणि दार बोटभर आत गेलं, पण त्याला चिकटलेली पट्टी चौकटीतून उपटून त्याच्याबरोबर आत ओढली गेली, तिची वळी झाली आणि दार आणि चौकट यांच्या मध्ये ती पाचरीसारखी रुतून बसली. आता ते दार पुढंही जाईना, मागंही येईना.

मी त्या फाटलेल्या पट्टीकडं बघत राहिले. इथं मला थांबून खरं लिहायला पाहिजे, कारण हे प्रकरण मी त्याच्यासाठीच लिहायला घेतलं आहे. त्या क्षणी माझ्या मनात आई आली नाही. आप्पांचा चष्मा आला.

आई पुढच्या खिडकीशी आली. तिनं आतून कडी काढून खिडकी उघडली आणि दोन्ही हातांनी गज धरले. केस कपाळाला चिकटले होते. "दम्याचा पंप मारला, दम उतरंना," ती म्हणाली. एवढं बोलायला तिला तीन श्वास लागले. आत रंगाचा आणि त्यातल्या टर्पेंटाइनचा वास कोंडला होता, तो खिडकीतून माझ्याही नाकात गेला. मागचं दार कपाटाआड, मागच्या खिडक्या कागदाआड. तिला धुळीपासून वाचवायला आम्ही ज्या ज्या फटी बुजवल्या होत्या, त्यांतली एकही आता उघडत नव्हती.

"कुणाला तरी हाक मार," आई म्हणाली.

"थांब, निघतंय," मी म्हणाले.

समोरच इराप्पामामांचं घर होतं. ते टेम्पो चालवायचे. घरात कन्नड बोलायचे, आमच्याशी मोडकंतोडकं मराठी. पण गेली दोन वर्षं गटाराच्या पाण्यावरून त्यांचं आणि आप्पांचं बोलणं बंद होतं. त्यांचा आवाज गल्लीच्या तोंडापर्यंत जायचा आणि त्यांनी एकदा आमच्या दारात उभं राहून आप्पांना नको नको ते सुनावलं होतं. त्यांना हाक मारली तर सगळी गल्ली गोळा होणार, सगळ्यांना दिसणार, आप्पांना कळणार. त्यापेक्षा मी ब्रशचा दांडा फटीत घातला. तो मोडला. डब्याचं झाकण उघडायची पत्र्याची पट्टी घातली आणि रुतलेली वळी बाहेर ओढायला लागले. बोटं रंगानं माखली, नख उलटं फाटलं. मी रडत होते आणि ओढत होते.

"मंगल..." आईचा आवाज आला. मग नुसती शिट्टी. मग शिट्टीही बारीक झाली. शिट्टी मोठी झाली की भ्यायचं, हे आम्हाला ठाऊक होतं. ती बारीक झाली की त्याहून जास्त भ्यायचं असतं, हे मला त्या दुपारी कळलं. खिडकीकडं बघितलं तर तिचे ओठ जांभळे झाले होते आणि एक हात गजांतून बाहेर आला होता.

मी तो हात धरला. तो गार आणि घामानं ओला होता. माझ्या हाताचा रंग तिच्या हाताला लागला. तिला बोलता येत नव्हतं. तिनं नुसती मान समोरच्या घराकडं वळवली.

तेव्हा मी किंचाळले. "मामा! इराप्पामामा!" हात सोडवत नव्हता म्हणून तिथूनच किंचाळले, पण कुणी बाहेर येईना, म्हणून हात सोडून धावले. इराप्पामामा बनियनवर दारात आले. "येनायतु? काय झालं?" मी खिडकीकडं बोट दाखवलं. त्यांनी खिडकी बघितली, गजांना धरून लोंबकळल्यासारखी उभी असलेली माझी आई बघितली, आणि काही न विचारता टेम्पोकडं पळाले. टायर खोलायची लोखंडी टॉमी घेऊन आले.

"सरी, सरी," करत त्यांनी मला बाजूला केलं. खिडकीतून आईला म्हणाले, "हेदरबेडा, अव्वा. भिऊ नका. दोन मिनिट." त्या मोठ्या आवाजाच्या माणसाचा आवाज इतका मऊ होऊ शकतो, हे मला माहीत नव्हतं. त्यांनी टॉमी चौकटीत घातली आणि अंगाचा सगळा भार टाकला. चौकट उभी चिरली. दुसऱ्या दणक्याला बिजागरी उखडली आणि आप्पांचं कॉफी रंगाचं दार कलंडून भिंतीवर आदळलं. मामांनी आईला उचलून अंगणात आणलं, आडवं न करता बसतं धरलं, आणि तिथून टेम्पोत पुढच्या सीटवर. मी तिच्या मागं हात घालून तिला सरळ धरून बसले. रस्त्यात मामा सारखा हॉर्न वाजवत होते, आणि त्या हॉर्नच्या आवाजात मला आईचा श्वास ऐकू येत नव्हता. सबंध रस्ताभर मला वाटत होतं की तो थांबला आहे. मी तिच्या पाठीवर तळहात दाबून ठेवला होता, आणि पाठ हलतीये की टेम्पो हलतोय, ते मला कळत नव्हतं.

दवाखान्यात तिला आत नेलं. दार लागलं. मी बाकावर बसले. इराप्पामामा माझ्या शेजारी उभेच होते, तसेच बनियनवर. शारदाक्का कुणाच्या तरी सायकलवर बसून आली. ती बंद दारापाशीच उभी राहिली. तासाभरानं नर्सनं सांगितलं की ऑक्सिजन लावलाय, आता बरं आहे, पण आणखी दहा मिनिटं उशीर झाला असता तर सांगता आलं नसतं. दहा मिनिटं. मी किती मिनिटं पट्टी ओढत बसले होते, ते मी मोजू नये म्हणून भिंतीवरच्या घड्याळाकडं पाठ केली.

संध्याकाळी आप्पा घरून तसेच दवाखान्यात आले. हातात कुंद्याचा डबा तसाच होता. त्यांनी घर बघितलं होतं. खाटेपाशी उभं राहून त्यांनी आईकडं बघितलं, मग माझ्या रंगानं माखलेल्या हातांकडं. आईनं तोंडावरचा मास्क बाजूला केला.

"मीच सांगितलं तिला," ती म्हणाली. "पट्टी वंगाळ दिसाय लागलीती. मीच म्हटलं, लाव रंग."

आप्पांनी चष्मा काढला. ते काचा पुसायला लागले, पण चष्मा हातातून निसटून खाली पडला. तो त्यांनी उचललाच नाही. ते स्टुलावर बसले, गुडघ्यांवर हात ठेवून, आणि मला पहिल्यांदा दिसलं की ह्या माणसाला भीती वाटते. कागद ठोकणं, कपाट लावणं, पट्टी बसवणं, सगळं त्या भीतीपोटीच होतं.

"मंगल," ते म्हणाले. "दार अडकल्यावर तू हाक कवा मारलीस?"

"लगेच," मी म्हणाले.

आईचे डोळे उघडे होते.

आप्पांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. "शाणी हाय माझी पोरगी," ते म्हणाले. "आईला वाचवलीस गं."

आई चौथ्या दिवशी घरी आली. त्याआधी आप्पांनी उरलेली पट्टी उपटून टाकली, मागच्या दाराचं कपाट हलवलं, खिडक्यांवरचे कागद फाडले. धूळ यायची, पण हवाही यायची. दुपारी चाळण सुरू झाली की आईला घेऊन आक्का दोन गल्ल्या पलीकडे विहाराच्या ओट्यावर बसायची. चिरलेल्या चौकटीला लोखंडी पट्ट्या ठोकून दार कसंबसं उभं केलं होतं. पंधरा दिवसांनी गडहिंग्लजची माणसं आली. त्याच दारातून आत आली, शेवयांची खीर खाल्ली, आईची विचारपूस केली. दाराकडं कुणी बघितलंसुद्धा नाही. आक्काचं लग्न त्याच शिक्षकाशी झालं. इराप्पामामा आणि आप्पा पुढं गटारावरून भांडतच राहिले, पण आता ते आमच्या कट्ट्यावर बसून, चहा पीत भांडायचे.

आणि आप्पा ती गोष्ट सांगायचे. आक्काच्या लग्नात सांगितली, माझ्या नोकरीच्या वेळी सांगितली, माझ्या सासरी पहिल्यांदा आले तेव्हा सासऱ्यांना सांगितली. "पोरगीनं येका क्षणाचाबी उशीर केला न्हाय. लगेच हाक मारली म्हणून हिची आई आज हितं बसलीया." लोक माझ्याकडं कौतुकानं बघायचे. आई तिथंच असायची, पदराला हात पुसत किंवा नातवाला मांडीवर घेऊन. ती कधी काही बोलली नाही. मी तिच्याकडं बघत नसे. प्रत्येक वेळी मला वाटायचं, आज ती बोलणार. त्या भीतीत मी नऊ वर्षं काढली. आई तेवढीच जगली.

ती जायच्या आधीच्या दिवाळीत मी तिला बेळगावात शहापूरच्या माझ्या घरी आणलं होतं. आम्ही दोघीच होतो. मी तिच्या पायाला तेल लावत होते, आणि वर न बघता विचारलं, "तू आप्पांना खरं का सांगितलं न्हाईस?"

तिनं दुसरा पाय पुढं केला. मला वाटलं तिला आठवत नसेल.

"काय सांगू?" ती म्हणाली. "शेवटाला खिडकीतनं माझा हात तर तूच धरलातास न्हवं."

मी मान हलवली. तिला मी तेव्हाही सांगू शकले नाही, आणि आता ती नाही, आप्पाही नाहीत, म्हणून इथं लिहिते. तिचा हात गजांतून बाहेर आलेला मी दोनदा बघितला होता. पहिल्यांदा बघितला तेव्हा मी पुन्हा दाराकडं वळले, आणि फाटलेली पट्टी बोटानं आत सारून बघितली, बाहेरून दिसणार नाही अशी बसते का म्हणून.